बालसखीचे दोन तास : मुंबईच्या पालिका शाळा आणि सुधारणेचा प्रश्न

मागच्या व्याख्यानात आपण १८८२ सालच्या हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी दिलेल्या निवेदनापाशी थांबलो होतो. महसूल कष्टकऱ्यांच्या घामातून गोळा होतो आणि खर्च होतो तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, हा त्यांचा आक्षेप. आज तोच धागा धरून आपण मुंबईत येऊ.

कायद्यांचा भाग आम्ही भराभर सांगून टाकतो. १८८८ च्या महापालिका कायद्याने प्राथमिक शाळा चालवणं हे पालिकेचं बंधनकारक काम ठरवलं. सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक गोखल्यांनी १९११ साली आणलं, ते फेटाळलं गेलं. पुढे १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यातल्या नगरपालिकांसाठी कायदा झाला आणि १९२० मध्ये खुद्द मुंबई शहरासाठी वेगळा. म्हणजे कागदावर पाहिलं तर हे शहर देशात फार पुढे होतं. मराठी, गुजराती, हिंदी, उर्दू, तमिळ, तेलुगू, कन्नड, इंग्रजी अशा आठ भाषांत एकाच पालिकेच्या शाळा चालतात, ही गोष्ट आपण मुंबईकर इतकी गृहीत धरतो की तिचं नवल वाटेनासं झालंय.

मग बिघडलं कुठे? सरळ उत्तर असं दिलं जातं की शिक्षक शिकवत नाहीत. आम्हाला हे उत्तर अपुरं वाटतं. गिरणगावातली एक पिढी याच शाळांत शिकली आणि त्या पिढीला आपल्या बाईंची, गुरुजींची नावं म्हातारपणीही आठवतात. घडलं ते असं, की ज्याला थोडं जमू लागलं त्याने आपलं मूल खाजगी अनुदानित शाळेत घातलं, आणि त्याच्या मुलाने आपलं मूल इंग्रजी माध्यमात. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते, आणि त्यानंतर गिरणगावच हळूहळू विस्कटलं. पालिकेच्या वर्गात उरली ती झोपडपट्टीतली, नुकत्याच शहरात आलेल्या कुटुंबांची मुलं. ज्या पालकाचा आवाज नगरसेवकापर्यंत पोचतो, त्याचं मूल आता त्या शाळेत नव्हतं. शाळेसाठी भांडणारं माणूसच निघून गेलं. आमच्या मते घसरणीचं मोठं कारण हे आहे.

आता १९९४-९५ कडे येऊ. युनिसेफच्या पुढाकाराने आणि पालिकेच्या सहकार्याने मुंबईत ‘प्रथम’ ही संस्था उभी राहिली. माधव चव्हाण आणि फरिदा लांबे ही त्यामागची माणसं. चव्हाण हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक, आणि लाल निशाण पक्षाच्या यशवंत चव्हाणांचे चिरंजीव. म्हणजे गिरणगावाशी नातं घरातूनच. सुरुवात बालवाड्यांपासून झाली. इमारत बांधायची नाही. देऊळ, मंडळाचं कार्यालय, कुणाच्या घराची पुढची खोली, जिथे जागा मिळेल तिथे वस्तीतलीच मुलगी वर्ग घेणार.

पण लवकरच दिसलं ते वेगळंच. मुलं शाळेत येत होती. पटावर नाव होतं, हजेरी लागत होती. आणि तिसरी-चौथीतल्या कितीतरी मुलांना साधं वाक्य वाचता येत नव्हतं, हातच्याची बेरीज जमत नव्हती. शिक्षक चौथीचं पुस्तक ‘पूर्ण’ करत होते, कारण साहेब तपासणीला आले की तेच विचारणार. मूल मात्र पहिलीतच कुठेतरी सुटून गेलेलं.

यातून बालसखी आली. वस्तीतलीच, माध्यमिक शाळा शिकलेली तरुण मुलगी. वर्षाच्या सुरुवातीला दोन आठवड्यांचं प्रशिक्षण. वर्गात मागे पडलेली पंधरा-वीस मुलं ती चार तासांच्या शाळेतून दोन तास बाहेर काढायची आणि त्यांना अक्षर, शब्द, अंक इथपासून शिकवायची. रिकामा वर्ग मिळाला तर ठीक, नाहीतर व्हरांड्यात, मैदानात. मानधन महिन्याला ५०० ते ७५० रुपये.

अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचीच मुंबई आणि वडोदऱ्यात पाहणी केली. काही शाळांना तिसरीसाठी बालसखी दिली, काहींना चौथीसाठी, पुढच्या वर्षी अदलाबदल. कुणाला काय मिळणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं, म्हणजे तुलना स्वच्छ राहते. २००७ मध्ये निष्कर्ष छापून आले. पहिल्या वर्षी गुणांत ०.१४ प्रमाण विचलनाची वाढ, दुसऱ्या वर्षी ०.२८. संख्याशास्त्राची ही भाषा रुक्ष आहे, पण इतक्या कमी खर्चात एवढी वाढ शिक्षणात क्वचितच दिसते. फायदा जास्त झाला तो सर्वांत मागे असलेल्यांना.

इथे जरा थांबू, कारण पुढची गोष्ट बहुतेकजण विसरतात. मुलं बाहेर गेल्याने मूळ वर्ग दोन तास लहान झाला, शिक्षकापुढची गर्दी कमी झाली. मग मागे उरलेल्या मुलांची प्रगती झाली का? नाही. तोच शिक्षक, तेच पुस्तक, फक्त मुलं कमी. फरक पडला नाही. वर्ग लहान करा म्हणजे शिक्षण सुधारेल, असं आपण सगळेच बोलतो. आम्हीही बोलायचो.

मघाशी एका ताईंनी विचारलं, की मग बालसखी पक्क्या शिक्षकापेक्षा बरी, असं म्हणायचंय का? तसं नाही. शिक्षकाला पुस्तक संपवायचं होतं, तिला मुलाला वाचायला शिकवायचं होतं. दोघांना काम वेगळं दिलं होतं. आणि दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बालसखी सरासरी वर्षभरच टिकायची. त्या पैशात कोण टिकणार? गरीब वस्तीतल्या मुलीच्या स्वस्त श्रमावर शहराने आपली चूक निस्तरून घेतली, हा आक्षेप आम्हाला खोडता येत नाही. शिवाय मदत थांबल्यावर वर्षभरात ती वाढ ०.१ च्या आसपास उतरली. जे कमावलं त्यातलं बरंचसं वर्गात परत गेल्यावर विरलं, कारण वर्ग तसाच होता.

त्यानंतर पालिकेने बरंच केलं. दप्तरापासून बुटांपर्यंत २७ वस्तू मोफत दिल्या, काही वर्गांना टॅब दिले. या वस्तूंची थट्टा करणारे आहेत. ज्याच्या पायात पावसाळ्यात धड चप्पल नाही त्याला विचारा. पण वस्तू वाटणं पालिकेला जमतं, मोजताही येतं. मूल कुठे अडलंय हे रोज बघणं तितकं जमत नाही, आणि त्याचं टेंडर काढता येत नाही.

२०२० पासून पालिका शाळांवर ‘मुंबई पब्लिक स्कूल’ अशी पाटी लागू लागली, सीबीएसई मंडळाच्या शाळाही सुरू झाल्या. तिथे प्रवेशासाठी अर्ज इतके आले की सोडत काढावी लागली. मध्यमवर्गाच्या कडेला असलेला पालक पालिकेच्या दाराशी परत आला, ही पन्नास वर्षांत उलट दिशेने घडलेली पहिली मोठी हालचाल म्हणावी लागेल. त्याच काळात शेजारच्या मराठी माध्यमाच्या शाळेचा पट रोडावत गेला. दोन्ही शाळांचं दप्तर एकाच शिक्षण खात्यात आहे, आणि पुढच्या वेळी आपण तेच उघडणार आहोत.