रोजच्या भाड्यावर काढलेले आयुष्य

बडोद्याची पारशी धर्मशाळा आपल्यापैकी प्रत्येकाला माहीत आहे. १९१७ मध्ये कोलंबिया विद्यापीठातून शिकून आलेले बाबासाहेब नोकरीसाठी बडोद्याला गेले, तेव्हा त्या शहरात त्यांना जागा देणारा कोणी नव्हता. शेवटी पारशी नाव लावून, दीड रुपया रोजाने ते त्या धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला आणि संध्याकाळच्या आत चालते व्हा असा हुकूम झाला. एक हिंदू मित्र होता, एक ख्रिस्ती मित्र होता. दोघांनीही सबबी सांगितल्या. मग सार्वजनिक बागेत पाच तास बसून त्यांनी रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली.

हा प्रसंग आपण अपमानाचा प्रसंग म्हणून सांगतो. तो आहेच. पण त्यातली दुसरी एक गोष्ट माझ्या लक्षात फार उशिरा आली. बाबासाहेब तिथे प्रवासी म्हणून उतरले नव्हते. त्यांना बडोद्यात राहून नोकरी करायची होती. हवे होते घर; मिळाली रोजाची खोली. घराच्या भाडेकरूला काढायचे तर निदान मुदत द्यावी लागते, चार लोकांत कारण सांगावे लागते. रोजाने राहणाऱ्याला संध्याकाळच्या आत काढता येते. ज्याला शेजारी म्हणून घ्यायचे नाही, पण ज्याचे काम आणि ज्याचे पैसे हवे आहेत, अशा माणसासाठी समाजाने ठेवलेली ही खास सोय आहे. पुण्यात स्पर्धा परीक्षेसाठी कॉट बेसिसवर राहिलेल्या आणि आडनाव सांगताच 'खोली कालच गेली' हे उत्तर ऐकलेल्या मुलामुलींना हे वेगळे समजावून सांगायला नको.

ही सोय जगात सगळ्यात मोठ्या प्रमाणावर कुठे उभी राहिली असेल, तर अमेरिकेत. आपल्याकडे हॉटेल म्हणजे चहा-मिसळीचे दुकान. इथे मी बोलतो आहे ते राहायच्या हॉटेलांबद्दल: एक खोली, एक खाट, भिंतीला बेसिन, मजल्यावर सामायिक संडास-बाथरूम. भाडे रोजाने, आठवड्याने किंवा महिन्याने. अनामत नाही, करार नाही. गोदी कामगार, खलाशी, हंगामी शेतमजूर अशा हॉटेलांत दहा दहा, वीस वीस वर्षे राहिले, तिथेच म्हातारे झाले. या राहणीचा सविस्तर इतिहास पॉल ग्रोथ यांनी १९९४ च्या आपल्या ग्रंथात लिहिला आहे. आपण मात्र एकाच इमारतीकडे पाहू: सॅन फ्रान्सिस्कोच्या कर्नी स्ट्रीटवरचे इंटरनॅशनल हॉटेल.

१९०६ च्या भूकंपानंतर, १९०७ मध्ये ही इमारत नव्याने उभी राहिली. १९२० नंतर तिथे येऊ लागले ते फिलिपिनो मजूर. १८९८ पासून फिलिपिन्स अमेरिकेच्या ताब्यात होते, त्यामुळे हे लोक कायद्याने परके नव्हते आणि नागरिकही नव्हते. स्टॉकटनला शतावरी काढायची, सॅलिनासला लेट्यूस तोडायचे, उन्हाळ्यात अलास्काच्या कारखान्यांत सामन मासा डबाबंद करायचा आणि हंगाम संपला की शहरात परतायचे. असे फिरते काम करणाऱ्याला वर्षभराच्या कराराचे घर परवडत नाही, हे खरे. पण ही अर्धी बाजू झाली. परवडले असते तरी बहुतेक वस्त्यांत त्यांना घर मिळत नव्हते. स्टॉकटनच्या एका हॉटेलच्या दारावर फिलिपिनोंना अजिबात प्रवेश नाही अशी पाटी होती. तिचे छायाचित्र आजही उपलब्ध आहे. म्हणजे हॉटेलांतही उतरंड होती. घर नाहीच, आणि हॉटेलसुद्धा कोणतेही नाही.

जानेवारी १९३० मध्ये वॉटसनव्हिल गावात गोऱ्यांच्या झुंडी फिलिपिनो मजुरांवर तुटून पडल्या. फर्मिन टोबेरा हा तरुण मजूर गोळी लागून मेला. निमित्त काय होते? नाचगाण्याच्या ठिकाणी फिलिपिनो मुले गोऱ्या मुलींबरोबर नाचत होती. १९३३ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा बदलून फिलिपिनो आणि गोरे यांच्यातले विवाह बेकायदा ठरवले. तो कायदा १९४८ च्या न्यायालयीन निकालाने पडला. पुढच्याच वर्षी, १९३४ मध्ये, फिलिपिन्समधून वर्षाला फक्त ५० माणसे येऊ शकतील असा कायदा झाला. नागरिकत्वाचा मार्ग उघडला तो १९४६ मध्ये. आलेले बहुतेक सगळे पुरुष होते. गावाकडून बायको आणता येत नाही, इथे लग्न करता येत नाही, मग कुटुंब कुठून येणार? आणि कुटुंब नाही म्हणून घरमालक एकट्या पुरुषाला घर देत नाही! जातिव्यवस्था बेटीबंदीवर उभी आहे, हे बाबासाहेबांनी १९१६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये वाचलेल्या जातीवरील निबंधात मांडले होते. बेटीबंदी माणसाच्या राहत्या जागेपर्यंत कशी पोहोचते, ते इथे दिसते.

या म्हाताऱ्यांना तरुण पिढी 'मनोंग' म्हणत असे. इलोकानो भाषेत मनोंग म्हणजे थोरला भाऊ, आपल्या भाषेत दादा. हॉटेलच्या खाली लकी एम नावाचा बिलियर्ड्सचा अड्डा होता, आसपास न्हाव्याची दुकाने, स्वस्त खानावळी. सहा महिने शेतावर गेलेल्या माणसाला निरोप आणि पत्ता ठेवायला हीच एक जागा. दहाएक चौकांच्या या वस्तीला मनिलाटाउन म्हणत. नगररचनाकारांच्या कागदावर मात्र ती 'जुनाट, मोडकळीस आलेली इमारत' होती. वस्तीला आधी गलिच्छ ठरवायचे आणि मग गलिच्छ आहे म्हणून उठवायचे, ही रीत आपल्याला अनोळखी नाही.

हे मनोंग बिचारे होते, असे कोणी समजू नये. ८ सप्टेंबर १९६५ ला डिलॅनोच्या द्राक्षमळ्यांत संप पुकारला तो लॅरी इटलियाँग यांच्या नेतृत्वाखालच्या फिलिपिनो मजुरांनी. सीझर चावेझ यांची मेक्सिकन मजुरांची संघटना त्यात आठवड्याने आली. जगाला चावेझ माहीत आहेत. इटलियाँग किती जणांना माहीत आहेत? इतिहासात नाव कोणाचे राहते, हा प्रश्न तिथेही आहे.

१९६८ च्या अखेरीस इंटरनॅशनल हॉटेलमधल्या जवळपास दोनशे रहिवाशांना खोल्या खाली करण्याच्या नोटिसा मिळाल्या. शेजारचा आर्थिक भाग पसरत होता आणि मालक असलेल्या मिल्टन मेयर कंपनीला ती जागा वाहनतळासाठी हवी होती. रहिवासी संघटित झाले, करारासाठी भांडले. मार्च १९६९ मध्ये इमारतीला आग लागली, तीन रहिवासी मेले. तरीही ते हटले नाहीत. त्याच सुमारास सॅन फ्रान्सिस्को स्टेट महाविद्यालयात काळ्या, आशियाई आणि लॅटिन विद्यार्थ्यांचा मोठा संप चालू होता. ती मुले आणि बर्कलीची मुले हॉटेलवर येऊ लागली. त्यांनी भिंती रंगवल्या, नळ दुरुस्त केले, तळमजल्यावर छापखाना आणि केंद्रे चालवली. विद्यापीठात आपला इतिहास शिकवा म्हणून लढणाऱ्या पोरांना तो इतिहास या खोल्यांत खाटेवर बसलेला सापडला. आपल्याकडे १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली, तिने नाव घेतले ते याच कॅलिफोर्नियात जन्मलेल्या ब्लॅक पँथरचे, हे इथे आठवावे.

पुढे इमारत थायलंडच्या भांडवलावर चालणाऱ्या फोर सीज कंपनीला विकली गेली. म्हणजे नवा मालक आशियाई. इथे आपल्यातल्या काहींची गफलत होते. त्यांना वाटते, आपल्या रंगाचा, आपल्या खंडाचा मालक आला की प्रश्न सुटला. बाबासाहेबांनी १९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले होते. वर्णभेदाने मनोंगना त्या खोल्यांत आणले. तिथून बाहेर काढले ते जमिनीच्या किमतीने. एकाच शत्रूवर डोळा ठेवणाऱ्याला या हॉटेलची गोष्ट निम्मीच कळेल.

शेरीफ रिचर्ड होंगिस्टो यांनी आधी रहिवाशांना बाहेर काढायला नकार दिला. न्यायालयाच्या अवमानाबद्दल त्यांना पाच दिवस तुरुंगात राहावे लागले. ४ ऑगस्ट १९७७ ला पहाटे तीनच्या सुमारास शेकडो पोलीस आले. दारापुढे सुमारे तीन हजार माणसे हातात हात गुंफून उभी होती. घोडेस्वार पोलिसांनी ती साखळी तोडली. आणि तेच होंगिस्टो हातात घण घेऊन खोल्यांची दारे फोडत होते. सहानुभूती बाळगणारा अधिकारी शेवटी कुठे उभा राहतो, याची याहून स्पष्ट साक्ष नको. पन्नासहून थोडे अधिक म्हातारे रस्त्यावर आले.

सगळ्याच लढ्यांचा शेवट असा झाला नाही. त्याच शहरात मार्केट स्ट्रीटच्या दक्षिणेला पुनर्विकासासाठी हॉटेले पाडली जात होती. तिथले रहिवासी मुख्यतः निवृत्त गोरे कामगार. जुने कामगार पुढारी जॉर्ज वुल्फ यांच्या मागे ते उभे राहिले, न्यायालयाने १९७० मध्ये काम थांबवले आणि पर्यायी घरे बांधणे शहराला कबूल करावे लागले. डिलॅनोत शेतमजूर संघटनेने १९७४ मध्ये म्हाताऱ्या फिलिपिनो मजुरांसाठी स्वतःची अग्बयानी वसाहत उभी केली, स्वयंसेवकांच्या श्रमावर. तिथे रोजाचे भाडे मागणारा परका मालक नव्हता. आपल्याकडे मुंबईत धोबीतलावच्या गोवेकर खलाशांनी गावागावाचे 'कूड' चालवले, त्याची इथे आठवण होते. जागा आपल्या संघटनेच्या हातात असली की काठी घेऊन दारात उभे राहणे सोपे नसते.

कायद्यात आज काय आहे? कॅलिफोर्नियात हॉटेलमध्ये तीस दिवसांहून अधिक राहिलेल्या माणसाला भाडेकरूचे संरक्षण मिळते. मग मालकांनी युक्ती काढली. तीस दिवस भरायच्या आधी माणसाला खोली सोडायला लावायची आणि पुन्हा नवा पाहुणा म्हणून नोंदवायचे. हे करण्यास मनाई करणारे वेगळे कलम कायद्यात घालावे लागले. अमेरिकेत महामार्गांच्या कडेच्या मोटेलांत आजही कामगार कुटुंबे महिनोनमहिने राहतात. जुनी थकबाकी किंवा जुना खटला नोंदीत असला, अनामतीचे पैसे नसले, की घर मिळत नाही. मोटेलची खोली मिळते, आणि महिन्याच्या शेवटी ती घरापेक्षा महाग पडते.

इंटरनॅशनल हॉटेल १९७९ मध्ये पाडले. इतक्या घाईने रिकाम्या केलेल्या त्या जागेवर पुढची कित्येक वर्षे काहीच उभे राहिले नाही. लोकांनी मात्र तिथे व्यापारी इमारत होऊ दिली नाही. २००५ मध्ये त्याच जागी वृद्धांसाठी १०४ स्वस्त घरे झाली. नाव तेच ठेवले आहे. पहाटे बाहेर काढलेल्या म्हाताऱ्यांपैकी बहुतेक जण तोवर गेले होते.