चेंडूचे मोल

अमेरिकेत बेसबॉलच्या कीर्तिमंदिरासाठी १९३६ पासून पत्रकार मते देत आले आहेत. शंभरांतील पंचाहत्तर मते पडली की खेळाडू अमर! पण सॅचेल पेज या कृष्णवर्णीय चेंडूफेक्याला तेथे जागा मिळण्यास १९७१ उजाडावे लागले.

आपल्याकडे तरी काय निराळे घडले? बाळू पालवणकर पुण्यात गोऱ्या साहेबांच्या क्लबात खेळपट्टी राखीत, त्यांना चेंडू टाकीत. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. त्यांची डावखुरी फिरकी संघाला हवी होती. चहा मात्र त्यांना वेगळा, मातीच्या भांड्यात! हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. १९२३ साली ते धाकट्या विठ्ठलरावांना मिळाले.

वाचकहो, शिरूर-दौंडकडे एखादा पोर चेंडू वळवताना दिसला, तर आधी त्याचे मनगट पाहा. नाव-गाव मागाहून विचारा.