४२१३०२ : भिवंडीच्या पिनकोडात दडलेलं गणित

ऑनलाइन मागवलेल्या वस्तूच्या खोक्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता वाचला, तर भिवंडीचं नाव बऱ्याचदा दिसतं. यंत्रमागांचं हे शहर आता गोदामांसाठीही ओळखलं जातं. त्या पत्त्याच्या शेवटचा ४२१३०२ हा पिनकोड म्हणजे टपाल खात्याने दिलेली खूण. पण नुसती संख्या म्हणून पाहिलं, तर त्यात बरंच काही सापडतं.

या संख्येचे अवयव २ × ३ × ७ × ७ × १४३३. यातली १४३३ ही मूळ संख्या आहे. अंकांची बेरीज १२. तिने ४२१३०२ ला भागलं तर बाकी ६ उरते, म्हणून ही 'हर्षद' संख्या नाही. हे नाव देवळालीचे शाळामास्तर आणि गणिती द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी दिलेलं. कोणत्याही संख्येत तिचेच अंक मिळवून जी तयार होत नाही, तिला ते 'स्वयंभू' म्हणत. भिवंडीचा पिनकोड तिथेही बसत नाही. ४२१२७८ मध्ये तिच्या अंकांची बेरीज २४ मिळवली, की ४२१३०२ हजर!

कापरेकरांची प्रसिद्ध कृती मात्र इथे रंगते. अंक उतरत्या क्रमाने मांडायचे, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करायची आणि उत्तरावर पुन्हा तेच करायचं. चार अंकी संख्या (सगळे अंक सारखे नसतील तर) शेवटी ६१७४ वर थांबते. भिवंडीचं असं होतं :

४३२२१० − ०१२२३४ = ४१९९७६
९९७६४१ − १४६७९९ = ८५०८४२
८८५४२० − ०२४५८८ = ८६०८३२

पुढे ८६२६३२, ६४२६५४, ४२०८७६, ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२ आणि परत ८६०८३२. सात संख्यांचं हे रिंगण कधीच संपत नाही.

यातल्या प्रत्येक उत्तराला ९ ने भाग जातो. अंकांची जागा बदलली तरी त्यांची बेरीज बदलत नाही, म्हणून ९ ने भागल्यावरची बाकीही तीच राहते. साहजिकच वजाबाकीत ती उडून जाते.

पत्ता लिहिताना हाच गुण अडचणीचा ठरतो. ४२१३०२ मधले ३ आणि २ चुकून उलटे पडले, तर ४२१२०३ होतं. फरक ९९, बेरीज तीच १२. आणि हा पिनकोड आहे डोंबिवलीचा. (कापरेकरांना 'डेम्लो' संख्या सुचल्या त्या याच डोंबिवलीच्या स्टेशनवर. नावही त्यावरूनच पडलं.)

१५ ऑगस्ट १९७२ पासून लागू झालेल्या पिनकोडची रचना श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. पहिला अंक विभागाचा, पहिले तीन मिळून वर्गीकरण जिल्ह्याचे, शेवटचे तीन टपाल कार्यालयाचे. सहाही अंक ठिकाण सांगण्यातच खर्च होतात. आधार क्रमांकात शेवटचा अंक चूक पकडण्यासाठी राखलेला असतो. पिनकोडात तशी सोय नाही. त्यामुळे ४२१२०३ लिहिलेलं भिवंडीचं पार्सल यंत्राच्या लेखी डोंबिवलीचंच. ते परत वळतं, कारण पत्त्यात कुणीतरी 'भिवंडी' असं अक्षरांत लिहिलेलं असतं.