कापसातील ओलावामापन (आदिलाबाद)

सरकीसह कापसातले पाण्याचे प्रमाण विद्युत मीटरने मोजून त्यावर खरेदीचा दर ठरवण्याची पद्धत. तेलंगणातील आदिलाबाद जिल्हा पैनगंगेच्या दक्षिणेला, महाराष्ट्राच्या सीमेवर आहे. जमीन काळी, कापूस मुख्यतः कोरडवाहू. तेलुगू शेतकरी ओलीला ‘तेम’ म्हणतो. मार्केट यार्डात मात्र तेलुगू काय नि मराठी काय, सगळ्यांचा प्रश्न एकच: मॉइश्चर किती आलं?

भारतीय कापूस महामंडळ (स्थापना १९७०) हमीभावासाठी ८ टक्के ओल प्रमाण धरते. त्यावरच्या प्रत्येक टक्क्याला दरात एक टक्का कपात होते. १२ टक्क्यांपुढे खरेदीच नाही. पहिली वेचणी दवात होते, कधी परतीच्या पावसात सापडते. त्यामुळे हंगामाच्या तोंडाशी यार्डात वाद ठरलेला.

मीटरचे तत्त्व जुने आहे. कोरडा कापूस वीज जवळजवळ वाहू देत नाही. ओल टक्काभर वाढली की त्याचा विद्युतरोध निम्म्याहून खाली येतो. पण रोध ओलीवरच ठरत नाही. कापूस दाबून धरला की आकडा चढतो, सैल सोडला की उतरतो. कापूस तापलेला असला तरी चढतो. शिवाय वजनात सुमारे दोन तृतीयांश सरकी असते आणि मीटरच्या सुया टेकतात त्या मुख्यतः रुईला. जुने शेतकरी म्हणूनच सरकी दाताखाली धरतात: टचकन फुटली तर माल वाळलेला, चेपली तर ओला.

दाब-तापमानाची ही गुंतागुंत सोडवायला यंत्रशिक्षण उपयोगी पडते. नमुने ओव्हनमध्ये १०५ अंश सेल्सिअसला, वजन स्थिर होईपर्यंत सुकवून खरी ओल काढायची. सुकवण्याआधी त्यांचा रोध, तापमान आणि दाब नोंदवून ठेवायचा. मग या नोंदींवरून संगणकाला त्यांचा संबंध शिकवायचा. गणित त्यात सोपे, कष्ट नमुन्यांचे. नुसत्या जानेवारीतल्या सुक्या मालावर शिकलेले प्रारूप दिवाळीतल्या ओल्या मालाला बिनदिक्कत चुकीचा आकडा देते.

त्याहून मोठी अडचण ट्रॉलीत असते. उन्हात उभ्या ट्रॉलीचा वरचा थर सुकतो, तळ दमट राहतो. सुई जिथवर पोचली, तेवढाच माल प्रारूपाला कळतो. भांडण मीटरवरून होते, पण दोष बहुधा नमुना घेण्यातच असतो. वेगवेगळ्या खोलीवर चार-सहा ठिकाणी मोजून सरासरी काढणे हा साधा उपाय महागड्या संगणनापेक्षा जास्त कामाचा.

यंत्रशिक्षणाचा कापसावरचाच दुसरा प्रयोग मुंबईच्या वाधवानी एआय (२०१८) या संस्थेचा. कामगंध सापळ्यात अडकलेल्या बोंडअळीच्या पतंगांचा मोबाइलवर फोटो काढला की प्रणाली ते मोजते आणि फवारणीचा सल्ला देते. २०१९ मध्ये संस्थेला गूगलचे २० लाख डॉलरचे अनुदान मिळाले. पतंग निदान डोळ्यांनी पुन्हा मोजता येतात. ओलीचे तसे नाही.

२०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. चार टक्क्यांच्या कपातीमुळे १२ टक्के ओलीला तो ७,७८५ रुपये ६० पैसे पडे.