अख्खा मासा आणि आल्याची बरणी

गेल्या महिन्यात आमच्या गटात ओव्हनमध्ये अख्खा मासा भाजायचं ठरलं. त्याला सोया सॉस, आलं, लसूण, हिरवी मिरची लावायची होती. एक मावशी म्हणाल्या, "हे चिनी काहीतरी आपल्याला कशाला?" त्यांना तेव्हा थोडक्यात सांगितलं, ते आज जरा नीट सांगते.

चीनमध्ये छांगशा शहराजवळ मावांगद्वी नावाची जागा आहे. तिथे १९७२ साली एका बाईचं थडगं खोदलं. बाईंचं नाव शिन झुई. एका सरदाराची बायको, वारली तेव्हा पन्नाशीच्या आसपासची. ही गोष्ट सुमारे २१०० वर्षांपूर्वीची. शव इतकं टिकलं होतं की पोटात खरबुजाच्या शंभरावर बिया सापडल्या! सोबत टोपल्या भरभरून अन्न ठेवलेलं, आणि बांबूच्या ३१२ पट्ट्यांवर सगळ्या सामानाची यादी लिहिलेली. आपल्या गटाची नोंदवही बरी, असं मी गमतीनं म्हणते. त्या अन्नात मासे होते. आणि एका बरणीत आलं घालून आंबवलेलं सोयाबीन होतं. असं सोयाबीन मिठात मुरवता मुरवताच पुढे सोया सॉस तयार झाला. म्हणजे मासा, आलं आणि सोयाबीन यांची ओळख फार जुनी.

त्या थडग्यात मिरची मात्र नव्हती. असणारच नाही, कारण मिरची अमेरिकेतली. कोलंबस तिकडे पोचला १४९२ साली, आणि पोर्तुगीजांनी गोवा घेतला १५१० साली. त्यांच्या जहाजांतून ती आपल्याकडे आली. त्याआधी आपल्याकडे तिखट म्हणजे मिरी, पिंपळी आणि आलं. मिरची हे नावसुद्धा मिरीवरूनच पडलं. आपण जिला घरची म्हणतो ती पाहुणी, आणि आलं मात्र दोघांच्याही घरचं. मावशींना हे पटायला जरा वेळ लागला.

राहिला ओव्हन. जुन्या चिनी घरांत ओव्हन नसे. अख्खा मासा वाफवत, आपण मोदक वाफवतो तसा. जावा बेटावर मसाला लावलेला मासा केळीच्या पानात बांधून वाफवतात, निखाऱ्यावर भाजतात. आपल्याकडे पारशी लोक पापलेटला ओल्या खोबऱ्याची हिरवी चटणी लावून केळीच्या पानातच वाफवतात. ओव्हनमध्ये हेच काम चांदीसारखा कागद करतो. तो नसेल तर केळीचं पान घ्या, वासही छान येतो.

चीनमध्ये नववर्षाच्या आदल्या रात्री डोक्या-शेपटीसकट मासा ताटात ठेवतात. मासा आणि शिल्लक या दोन शब्दांचा उच्चार तिथे एकच, म्हणून थोडा मुद्दाम दुसऱ्या दिवसासाठी राखतात. किनाऱ्यावरचे कोळी ताटातला मासा उलटा करत नाहीत, होडी उलटेल म्हणून.

आपल्याकडे मासा आधी कापला जातो. मधल्या तुकड्या पुरुषांना आणि मुलांना, डोकं-शेपूट करणारीला. डोक्याला चव असते हे खरं, पण ते आवडतं म्हणून खाणं वेगळं आणि उरलं म्हणून खाणं वेगळं.

आम्ही पाऊण किलोचा मासा घेतला. खवले, कल्ले, पोट साफ करून दोन्ही बाजूंनी तिरक्या चिरा दिल्या. पोटात आल्याचे काप, लसूण आणि गवती चहा भरला. वरून दोन चमचे सोया सॉस, तिळाचं तेल, लिंबू. मीठ घातलंच नाही, सॉस खारट असतो. २०० अंशांवर साधारण २५ मिनिटं लागली. काट्याजवळचं मांस पांढरं होऊन सहज सुटलं की झाला.

ताट मधे ठेवलं आणि सगळ्या थांबल्या, आधी कोण घेणार म्हणून. शेवटी मावशींनीच हात घातला, थेट मधल्या भागाला. म्हणाल्या, "डोकं आज तुम्ही वाटून घ्या."