इशारा देणारे आणि ऐकणारे

गेल्या ऑक्टोबरमध्ये बाबा पुण्याहून आमच्याकडे लंडनला आले होते. वय ८१. सकाळी उठलं की मागचं दार उघडायचं, आकाशाकडे बघायचं आणि आज पाऊस आहे की नाही ते सांगायचं, हा त्यांचा नेम इथेही चालू होता. एका सकाळी ते असेच दारात उभे असताना माझी लेक फोन बघत म्हणाली, "आजोबा, शनिवारी वादळ आहे, यलो वॉर्निंग. त्यानंतर नदीच्या पाण्यात उतरू नका म्हणतायत. आणि पुढच्या बुधवारी हवा सात."

बाबा हसले. "आमच्या सिमला ऑफिसनं पाऊस सांगितला की आम्ही छत्री घरी ठेवून निघायचो."

लेकीला विनोद कळला नाही. मग सिमला ऑफिस म्हणजे काय, ते सांगणं आलं. हवामान खात्याचं मुख्य कार्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्याला शिवाजीनगरात आलं, म्हणून आजही पुणेकर त्या इमारतीला सिमला ऑफिस म्हणतात. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण आई, हे सगळं लोकांना आधी सांगायचं, असं पहिल्यांदा कोणाला सुचलं?"

मला उत्तर येत नव्हतं. वादळ, पाणी आणि हवा या तिन्ही इशाऱ्यांशी आमच्या घराचा संबंध आहे. लेक शाळेच्या रोइंग टीममध्ये आहे, तिला लहानपणापासून दमा आहे आणि आम्ही हमरस्त्याला लागून राहतो. तेव्हा उत्तर शोधायला बसले. शोधताना लक्षात आलं, की या तिन्ही ओळींचा इतिहास आपण राहतो त्याच शहरात घडलाय, आणि प्रत्येक ओळीमागे माणसं गेलेली आहेत.

वादळाचा अंदाज

सुरुवात १८५४ सालची. त्या वर्षी ब्रिटिश सरकारनं हवामानाच्या नोंदी ठेवण्यासाठी एक छोटं खातं उघडलं आणि त्यावर रॉबर्ट फिट्झरॉय या नौदल अधिकाऱ्याला नेमलं. चार्ल्स डार्विनला घेऊन जगप्रदक्षिणा करणाऱ्या 'बीगल' जहाजाचा कप्तान तो हाच. त्याच वर्षी पार्लमेंटमध्ये एक सभासद म्हणाले, की लंडनचं हवामान चोवीस तास आधी सांगता येईल असे दिवस येतील. यावर सभागृहात हशा पिकला.

पाच वर्षांनी, ऑक्टोबर १८५९ मध्ये, 'रॉयल चार्टर' हे जहाज ऑस्ट्रेलियाहून सोनं आणि प्रवासी घेऊन लिव्हरपूलला परतत होतं. बंदर जवळ आलेलं असताना वेल्सच्या किनाऱ्यावर वादळानं ते खडकांवर आपटलं. सुमारे साडेचारशे माणसं गेली. त्या एका वादळात १३३ जहाजं बुडाली आणि एकूण आठशेच्या आसपास बळी गेले.

फिट्झरॉयचं म्हणणं असं, की हे वादळ अचानक आलेलं नव्हतं. एका किनाऱ्यावर वायुभारमापकातला पारा उतरत होता, तेव्हा दुसऱ्या किनाऱ्यावरच्या लोकांना ते कळवता आलं असतं. तारायंत्र तर हाताशी होतंच. मग त्यानं किनाऱ्यावरच्या केंद्रांकडून रोज सकाळी तारेनं नोंदी मागवायला सुरुवात केली. ६ फेब्रुवारी १८६१ रोजी पहिला वादळाचा इशारा गेला. बंदरांमध्ये उंच खांबावर शंकू आणि पिंपाच्या आकाराच्या खुणा चढवायच्या. वाचता न येणाऱ्या कोळ्यालाही लांबून कळावं, हा हेतू. १ ऑगस्ट १८६१ रोजी 'द टाइम्स'मध्ये सर्वसामान्यांसाठी हवामानाचा पहिला अंदाज छापून आला.

हे भाकीत नाही, भविष्य तर नाहीच, असं तो पुन्हा पुन्हा सांगत असे. म्हणूनच त्यानं 'फोरकास्ट' हा शब्द वापरात आणला. आपल्या मराठीत त्याला 'अंदाज' हा नेमका शब्द आहे. नक्षत्राचं वाहन बेडूक की म्हैस हे बघून पंचांगात पावसाचं भविष्य सांगतात. अंदाज मात्र नोंदीवरून बांधायचा असतो, आणि तो चुकू शकतो.

तो चुकलाही. वर्तमानपत्रांनी टिंगल केली. इशारा लागला की होड्या बंदरातच राहतात आणि आमचं नुकसान होतं, अशी मासेमारीच्या मालकांची तक्रार. कर्ज आणि खचलेलं मन यांनी घेरलेल्या फिट्झरॉयनं ३० एप्रिल १८६५ रोजी स्वतःचं जीवन संपवलं. पुढच्याच वर्षी एका समितीनं त्याच्या पद्धतीवर ठपका ठेवला आणि इशारे बंद झाले. ते पुन्हा सुरू व्हावेत यासाठी आवाज उठला तो बंदरांतून, दर्यावर्दी लोकांकडून. वर्षभरात वादळाचे इशारे परत आले. वर्तमानपत्रातला रोजचा अंदाज परतायला मात्र १८७९ उजाडलं. आज बीबीसी रेडिओवर जहाजांसाठी जो अंदाज वाचतात, त्यातल्या एका सागरी भागाला २००२ सालापासून फिट्झरॉयचं नाव आहे.

मंडळातल्या ज्येष्ठांना १९८७ च्या ऑक्टोबरमधली ती रात्र आठवत असेल. वादळाचा जोर किती असेल याचा अंदाज चुकला, दक्षिण इंग्लंडमध्ये दीड कोटी झाडं पडली, ब्रिटनमध्ये १८ माणसं दगावली. त्यानंतर १९८८ मध्ये तीव्र हवामानाच्या इशाऱ्यांची राष्ट्रीय सेवा सुरू झाली. फोनवरचा आजचा पिवळा, केशरी, लाल रंग त्याच सेवेचा.

पंपाचा दांडा

फिट्झरॉयचं खातं उघडलं त्याच १८५४ साली, ऑगस्टच्या शेवटी, सोहोतल्या ब्रॉड स्ट्रीटच्या आसपास कॉलरा सुरू झाला. दहा दिवसांत पाचशे माणसं गेली, पुढे हा आकडा ६१६ वर पोचला. आपल्याकडे पटकीची साथ आली की गावं मरीआईचा गाडा वेशीबाहेर नेत. लंडनमधले शिकलेले लोक दुर्गंधीला दोष देत. घाणेरड्या वासातून रोग होतो, हे डॉक्टरांचंही ठाम मत होतं.

जॉन स्नो या डॉक्टरला ते पटत नव्हतं. तो घरोघर फिरला. कोण गेलं, ते पाणी कुठून भरत होतं, याची यादी केली. बहुतेक मृत्यू ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका हातपंपाभोवती होते. जवळच्याच दारूभट्टीतले कामगार मात्र वाचले होते, कारण ते बिअर पीत आणि भट्टीला स्वतःची विहीर होती. स्नोनं यादी अधिकाऱ्यांपुढे ठेवली आणि ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढण्यात आला. साथ तोवर ओसरायला लागली होती, हेही खरं. त्या भागातले पाद्री हेन्री व्हाइटहेड आधी स्नोच्या विरोधात होते. पण त्यांनीच पुढे शोधून काढलं, की पंपाशेजारच्या घरात एक तान्हं बाळ आजारी होतं आणि त्याचे कपडे धुतलेलं पाणी विहिरीलगतच्या मैलाखड्ड्यात टाकलं जात होतं.

तरी सरकारी चौकशीनं स्नोचं म्हणणं नाकारलं. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स इतकी नासली, की पार्लमेंटचे पडदे चुन्याच्या द्रावणात भिजवून लावावे लागले. त्याच जूनमध्ये स्नो वारला, वयाच्या अवघ्या ४५ व्या वर्षी. मग जोसेफ बॅझलजेटनं शहराखाली प्रचंड गटारं बांधली. ती बांधली वास घालवायला, पण गेला कॉलरा. १८६६ ची शेवटची मोठी साथ पूर्व लंडनमध्ये आली, जिथे गटारांचं काम पुरं व्हायचं होतं. साधारण त्याच सुमारास, १८६० मध्ये, मुंबईत विहार तलावाचं पाणी नळानं येऊ लागलं होतं.

बॅझलजेटची गटारं आजही वापरात आहेत. त्यांत पावसाचं पाणी आणि मैला एकाच नळातून जातो. जोराचा पाऊस आला की नळ भरून ओसंडतो आणि ते सगळं नदीत जातं. माझ्या लेकीला वादळानंतर पाण्यात उतरू नको म्हणतात, ते यासाठी. २०२४ मध्ये ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या प्रसिद्ध होड्यांच्या शर्यतीआधीही पाण्यात ई. कोलाय जंतू सापडले होते. जिंकल्यावर नदीत उडी मारायची जुनी रीत, पण खेळाडूंना पाण्यात शिरू नका असं सांगावं लागलं. ओसंडणारा मैला अडवण्यासाठी थेम्सखाली २५ किलोमीटरचा नवा बोगदा झाला आहे. तो २०२५ मध्ये पूर्णपणे जोडला गेला.

पाच दिवसांचं धुरकं

तिसरी ओळ हवेची. ५ डिसेंबर १९५२, शुक्रवार. कडाक्याची थंडी, घरोघरी कोळशाच्या शेगड्या पेटलेल्या, वारा पूर्ण पडलेला. वर गरम हवेचा थर झाकणासारखा बसला आणि खालचा धूर खालीच कोंडला. पाच दिवस. लोकांना स्वतःचे पाय दिसेनात. बसगाड्या थांबल्या, फक्त भुयारी रेल्वे चालू राहिली. एका नाट्यगृहात धुरकं आत शिरलं आणि रंगमंच दिसेना म्हणून ऑपेरा अर्ध्यावर थांबवावा लागला. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं. म्हणजे त्या धुरक्यात वाट चाचपडत घरी गेलेली मराठी माणसंही असणार.

लंडनला धुक्याची सवय होती. त्यामुळे काय घडलं ते त्या दिवसांत कोणाला कळलंच नाही. शवपेट्या आणि फुलं कमी पडायला लागली, तेव्हा लक्षात आलं. सुरुवातीचा हिशोब ४,००० मृत्यूंचा होता, नंतरच्या अभ्यासकांनी तो १२,००० च्या आसपास नेला. नंतरच्या महिन्यांतले जादा मृत्यू फ्लूचे आहेत, असं सरकारनं सांगितलं. अखेर १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला. काळा धूर गेला आणि हवा साफ झाली असं सगळ्यांनी धरून चाललं.

न पोचलेला इशारा

इथपर्यंत वाचून मला वाटलं होतं, की ही जुनी गोष्ट आहे. मग एलाबद्दल वाचलं.

एला अडू-किसी-डेब्रा दक्षिण लंडनमध्ये लुइशमला राहत होती, साउथ सर्क्युलर या वर्दळीच्या रस्त्यापासून काही पावलांवर. तिला तीव्र दमा होता. तीन वर्षांत जवळजवळ तीसदा रुग्णालयात न्यावं लागलं. फेब्रुवारी २०१३ मध्ये ती गेली. वय नऊ वर्षं. तिच्या आईनं, रोझमंड यांनी, वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. डिसेंबर २०२० मध्ये मृत्यूची पुन्हा चौकशी झाली आणि मृत्यूच्या कारणांत हवेच्या प्रदूषणाची नोंद झाली. ब्रिटनमधली ही अशी पहिली नोंद. निकालात आणखी एक गोष्ट होती. हवा किती वाईट आहे आणि तिनं दमा कसा वाढतो, हे आईला कोणी सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं, तर तिला काही करता आलं असतं.

हवेचे आकडे त्या काळीही मोजले जात होते. एक ते दहाचा रोजचा निर्देशांक २०१२ पासून जाहीर होत होता. पण रस्त्याकडेच्या त्या घरात तो पोचला नाही.

हे वाचल्यावर मी लेकीच्या निळ्या इनहेलरकडे बघत बराच वेळ बसले. आमच्याकडे फोन होता, आकडा होता, आणि तरी मी तो कधी उघडून बघितला नव्हता. हिवाळ्यात हिला खोकला जास्त होतो, हे मी 'इथली थंडी मानवत नाही' म्हणून सोडून देत होते.

रात्री बाबांना हे सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग २६ जुलै २००५ बद्दल बोलू लागले. त्या दिवशी माझा भाऊ मुंबईत होता, दुसऱ्या दिवशी छातीभर पाण्यातून चालत घरी पोचला. सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७३. दक्षिण मुंबईतल्या कचेऱ्यांत बसलेल्यांना उपनगरात काय चाललंय याचा पत्ता नव्हता. ते नेहमीप्रमाणे घरी जायला निघाले. "उपकरणं मोजत होती," बाबा म्हणाले, "पण रस्त्यावरच्या माणसाला कोणी सांगितलं?"

आता भारतीय हवामान खातंही रंगांचे इशारे देतं, आणि हवेच्या अंदाजाची 'सफर' ही व्यवस्था पुण्याच्याच उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं उभी केली आहे. छत्री घरी ठेवायचा विनोद आपण करत राहू, तो आपला हक्क आहे. पण फिट्झरॉयची टिंगल करणाऱ्यांना समुद्रावर जायचं नव्हतं. ज्यांना जायचं होतं त्यांनी इशारे परत मागितले.

लेकीनं वाचलेल्या त्या तीन ओळींचा मेळ आता तुमच्याही लक्षात आला असेल. वादळी पाऊस हवा धुऊन काढतो आणि नदी घाण करतो. वारा पडला की हवा बिघडते. आणि तो बुधवार ५ नोव्हेंबरचा होता, इथल्या फटाक्यांचा आणि शेकोट्यांचा दिवस, आपल्या दिवाळीच्या शेजारीच येणारा.

म्हणून या दिवाळीत एक छोटी विनंती. फराळाचं आमंत्रण पाठवता, त्याच ग्रुपवर त्या दिवशीचा हवेचा आकडाही पाठवा. सातच्या वर असेल तर दमेकरी मुलं आणि हृदयाचा त्रास असलेली आजी-आजोबा मंडळी यांना दारामागे बसून दिव्यांची मजा घेऊ द्या, फुलबाज्या दुसऱ्या दिवशी लावता येतील. आणि ज्यांना इंग्रजी वाचायची सवय नाही, त्यांना फोन करून सांगा.

बाबा पुण्याला परतले. रविवारी फोनवर आधी आकाश कसं आहे ते सांगतात. मग विचारतात, "तिकडे आज हवा किती? मुलीला सांगितलंस ना?"

सर्वांना दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा.