दगडाला पाझर फुटतो तेव्हा

‘दगडाला पाझर फुटला’ असं आपण मराठीत कौतुकानं म्हणतो. माझ्या अब्बांना मात्र दगडाच्या पाझराची भीती वाटायची. ते पारसिकच्या डोंगरातल्या एका दगडखाणीवर मुकादम होते. आम्ही ठाण्याच्या पूर्वेला, कोपरीत राहायचो. पावसाळ्यात रात्री मोठी सर आली की अब्बा उठून खिडकीशी उभे राहायचे, खाडीपलीकडच्या अंधाराकडे बघत.

खाणीत कामाचा दगड लागण्याआधी वरची माती, मुरूम, ठिसूळ खडक निघतो. तो बाजूला टाकत गेलं की त्याचाच डोंगर होतो. अब्बा रोज सकाळी त्या ढिगाच्या पायथ्याशी जाऊन झिरपणारं पाणी ओंजळीत घेऊन बघायचे. नितळ असलं तर ठीक. गढूळ येऊ लागलं, तर ढीग आतून सुटतोय. माथ्यावर भेग दिसली की दोन्ही काठांवर खुंट्या ठोकून सुतळीनं अंतर मोजायचे. एका जुलैत ते अंतर रोज वाढू लागलं. अब्बांनी हट्टानं खालच्या मजुरांच्या झोपड्या हलवायला लावल्या. खाडे पडले म्हणून मालक चिडला. चौथ्या रात्री ढीग खाली आला. झोपड्यांची जागा गाडली गेली. माणूस एकही नाही.

अब्बा फार शिकलेले नव्हते. पण त्यांचं शास्त्र पक्कं होतं, हे मला पुढे वाचताना कळलं. ढीग उभा असतो तो कणांच्या एकमेकांवरच्या पकडीवर. पोटात पाणी साठलं की त्याच्या दाबानं ही पकड ढिली होते. म्हणून पाणी बाहेर पडतंय की आत तुंबतंय, हा पहिला प्रश्न.

तो प्रश्न न विचारल्याची किंमत वेल्समधल्या ॲबरफॅन गावानं मोजली. २१ ऑक्टोबर १९६६. सकाळचे सव्वानऊ, शाळा नुकतीच भरलेली. कोळसा खाणीचा सात नंबरचा ढीग डोंगरावरून घसरला आणि शाळेवर आला. १४४ माणसं गेली, त्यांत ११६ मुलं. ढीग चक्क झऱ्यांवर रचलेला होता, आणि ते झरे नकाशावर छापलेले होते! शाळेमागच्या या धोक्याबद्दल तिथल्या पालिकेच्या अभियंत्यानं १९६३ मध्येच पत्र लिहिलं होतं. १९६७ मध्ये चौकशीत राष्ट्रीय कोळसा मंडळावर ठपका आला आणि १९६९ मध्ये अशा ढिगांसाठी कायदा झाला. तरी गावावरचे उरलेले ढीग हटवायला दीड लाख पौंड घेतले गेले ते लोकांनी दिलेल्या मदतनिधीतून. ती रक्कम परत मिळाली १९९७ मध्ये.

हे सारं दूर विलायतेतलं, असं म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. चंद्रपूर, वणी, बल्लारपूरकडे जा. सपाट रानात मातीचे डोंगर उभे दिसतात. विदर्भातल्याच कवडी कोळसा खाणीत २४ जून २००० रोजी खाणीची बाजू ढासळून १० जण दगावले. झारखंडच्या राजमहल खाणीत २९ डिसेंबर २०१६ रोजी ढीग कोसळला. २३ कामगार गेले.

पुढच्याच वर्षी, २०१७ मध्ये, कोळसा खाणींचे नवे विनियम आले. ढिगाचा उतार ३७.५ अंशांहून तीव्र नको आणि ३० मीटरवर उंची गेली की टप्पे हवेत, असं त्यांत आहे. आज पाण्याचा दाब मोजायला पिझोमीटर आहे, उताराची मिलिमीटरभर हालचाल टिपणारं रडार आहे. अब्बांची ओंजळ आणि सुतळी, अधिक बारीक झालेली.

पण अब्बांकडे आणखी एक गोष्ट होती. मोजणारा आणि झोपड्या हलवा म्हणणारा माणूस एकच होता. ॲबरफॅनमध्ये लिहिणारा एक, वाचणारे दुसरे, आणि ढिगाखाली राहणारे तिसरेच. म्हणून मला वाटतं, या मोजमापांचे आकडे खाणीच्या संगणकातच राहू नयेत. पायथ्याच्या गावात, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, पावसाळाभर ते रोज खडूनं लिहिले जावेत.

अब्बा गेले. आता मोठी सर आली की खिडकीशी मी उभा राहतो.